पुठ्ठ्याची झाडे आणि आमचा जलसा

दरवर्षी थंडी ओसरू लागली की उर्दू शाळांत सालाना जलसा होतो. तिलावत होते, हम्द होते, नात होते, मान्यवरांची गुलपोशी होते. त्यानंतर पर्यावरणाचे गाणे होते. ते नसेल तर जलसा पुरा झाल्यासारखे कोणालाच वाटत नाही. पाच-सहा मुलांच्या अंगावर हिरवा कागद डकवलेली पुठ्ठ्याची झाडे बांधलेली असतात. एक मुलगा कुऱ्हाड घेऊन येतो, झाडे रडतात, मुलाला पश्चात्ताप होतो आणि सगळे मिळून गातात की झाडे लावा, पाणी वाचवा. टाळ्या पडतात. प्रमुख पाहुण्यांना एक रोप दिले जाते. ते रोप बहुधा व्यासपीठावरच राहते.

हे गाणे आम्हीही बसवले आहे. बी.एड.ला असताना त्या धर्तीचे पाठ घेऊन चांगले गुणही मिळवले आहेत. तेव्हा पुढे जे लिहीत आहोत ते आधी आमच्याच अंगावर येते, याची जाणीव ठेवूनच लिहीत आहोत.

या गाण्यातला कुऱ्हाडवाला जरा नीट पाहा. त्याच्या अंगात फाटकी बंडी असते, डोक्याला फडके असते, पाय अनवाणी असतात. म्हणजे तो गरीब असतो. इतक्या वर्षांत आम्ही एकाही शाळेच्या जलशात कोट घातलेला, हातात नकाशा घेतलेला, डोंगराची किंमत विचारणारा माणूस गुन्हेगार म्हणून पाहिला नाही. पृथ्वी तापवण्याचा सगळा गुन्हा आम्ही लाकूडतोड्याच्या माथी मारला आहे, आणि तो आरोप त्याच लाकूडतोड्याच्या, हमालाच्या, मोलकरणीच्या मुलांकडून गाऊन घेत आहोत. टाळ्याही त्यांच्याच आईबापांकडून घेत आहोत. आमची तक्रार नेमकी इथे आहे.

आम्ही राहतो मावळात, नवलाख उंबऱ्याला. गावाच्या नावात नऊ लाख उंबरे आहेत. उंबरे म्हणजे घराचे उंबरठे समजा की उंबराची झाडे, दोन्ही अर्थांनी हे नाव आज वाचणाऱ्याला थांबवते. तळेगावहून आंबीवरून गावाकडे यायला लागले की औद्योगिक क्षेत्राच्या पत्र्याच्या भिंती सुरू होतात. त्यांच्या अलीकडे-पलीकडे गुलाबाची पॉलीहाऊसे आहेत आणि उरलेल्या खाचरांत भात आहे. ज्या इंद्रायणी तांदळाचा वास पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोहोचला आहे, ते वाण याच तालुक्यातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्राची १९८०च्या दशकातली देणगी आहे. फेब्रुवारीत प्रेमाच्या दिवसासाठी परदेशी जाणारा गुलाबही मावळातून जातो. म्हणजे जगाच्या ताटात आणि जगाच्या फुलदाणीत हा तालुका आहे. जगाच्या नाटकात मात्र तो कुठेच नाही.

नुसते मावळ आणि आसपासचे डोंगर पाहू. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण डोंगराखाली गेले, १५१ माणसे मेली. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून वर आले आणि मावळातल्या पॉलीहाऊसांचे कागद फाटून शेताशेतात पसरले. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरच्या डोंगरातली इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण मातीतच राहिले. त्याच वर्षी मुंबईत मोसमी पाऊस जूनच्या अखेरीस आला. दोनच वर्षांनी, २०२५मध्ये, तो २६ मेलाच येऊन थडकला. भाताच्या रोपवाटिकेने कोणते पंचांग पाहावे? पुण्यातल्या पाषाण येथील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. अरबी समुद्र तापतो, वाऱ्यांत जास्त बाष्प चढते, मग महिन्याचा पाऊस दोन-तीन दिवसांत पडतो. हे पाषाणला ठाऊक आहे. पाषाणहून नवलाख उंबऱ्याला यायला एसटीला फारसा वेळ लागत नाही. या ज्ञानाला मात्र अजून वाट सापडलेली नाही.

ती वाट गाण्याची आहे, असे आमचे म्हणणे आहे. परंतु पुठ्ठ्याच्या झाडांच्या गाण्याची नव्हे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आम्ही ज्या शाळेत शिकवत होतो तिथल्या सातवीच्या मुलींना आम्ही म्हटले, या वर्षी गाणे तुम्हीच रचा, विषय गर्मीचा. एक मुलगी म्हणाली, "आपा, मेरी अम्मी पॉलीहाऊस में जाती. बोलती, अंदर दम घुटता. गुलाब को तोड के फट् से ठंडे कमरे में रखते." दुसरी म्हणाली, "और अम्मी को?" एवढ्यातून त्यांचे नाटुकले तयार झाले. चार मुली एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला, मध्ये डफ. एक बाजू सवाल टाकणार, दुसरी जवाब देणार. पत्र्याचे घर दुपारी का तापते? पावसाळा उशिरा आला तर टँकर आधी कोणाच्या दारात थांबतो? शेवटचा सवाल होता: गुलाबासाठी थंड खोली आहे, गुलाब तोडणाऱ्या अम्मीसाठी काय आहे? यावर जवाब देणाऱ्या मुली गप्प राहत. डफ मात्र वाजत राही. ही युक्ती आमची नव्हती, मुलींचीच होती. तालमीत पहिल्यांदा तो डफ नुसता वाजत राहिला तेव्हा आमच्या अंगावर काटा आला.

जलशाच्या चार दिवस आधी व्यवस्थापनातल्या मंडळींनी तालीम पाहिली. शाळेला नवी बाके देऊ केलेले एक कारखानदार त्या दिवशी प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. आम्हाला प्रेमाने समजावण्यात आले की मुलींच्या तोंडी राजकारण शोभत नाही, पाहुण्यांचा गैरसमज होईल, झाडांचे गाणे काय वाईट आहे? आम्ही वाद घातला नाही. आम्ही मान डोलावली. पुठ्ठा आणला, हिरवा कागद आणला. बाके आली, ती चांगली आहेत, मुले त्यांवर बसतात. पण त्या मुलीने जलशानंतर आम्हाला काही विचारले नाही, हे आम्हाला आजही टोचते. विचारले असते तर बरे झाले असते.

आता मुद्द्यावर येऊ. हवामानाच्या संकटावर संगीतमय नाटक करायचे म्हटले की आपल्याकडे लगेच 'जनजागृती' हा शब्द येतो. सरकारी खाते पथनाट्य काढते, कंपनी आपल्या सामाजिक निधीतून पथनाट्य काढते, शाळा गाणे बसवते. तिन्हींत एक शहाणा असतो, एक अडाणी असतो, आणि शेवटी अडाण्याला शहाणपण येते. पण जागृती कोणाची करायची आहे? पाऊस चुकला हे शेतकऱ्याला कळत नाही की काय? पत्रा तापला हे पत्र्याखाली झोपणाऱ्याला सांगायला ढोलकी लागते? भारतातला माणूस सरासरी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, अमेरिकेतला सुमारे चौदा टन. आणि भारताच्या या सरासरीतही विमानाने फिरणारा आणि बैलगाडीने फिरणारा एकत्र मोजलेले असतात. ज्याचा वाटा सर्वांत कमी त्याच्यापुढे उपदेशाची पेटी घेऊन बसणे हे अज्ञान नाही, तो अन्याय आहे. उपदेशाचे नाटक खालच्या माणसाकडे बोट दाखवते. आपल्याला सवाल-जवाबाचे नाटक हवे, जे वर पाहून विचारते.

आणि ते आपल्याला कोठून उसने आणावे लागणार नाही. शब्दच पाहा. जलसा हा शब्द अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ बसणे, बैठक. शाहीर म्हणजे आमचा शायर. तमाशा, डफ, मुजरा, मैफल, सवाल, जवाब, हे सारे शब्द आपल्या घरातून निघून मराठी रंगमंचावर गेले आणि इतके रुळले की घरच्यांनाच त्यांची ओळख राहिली नाही. उर्दू शाळेतल्या मुलाला जलसा म्हटले की गुलपोशी आठवते. मराठी शाळेतल्या, त्यातही बहुजन घरातल्या मुलाला जलसा म्हटले की सत्यशोधकांचा जलसा आठवायला हवा. एका शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांना भेटले तर काय होईल, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्याचा विचार खेड्यात नेला तो जलशांनी. त्यांनी तमाशाचा साचा घेतला, गण-गवळण आपल्या विचाराप्रमाणे बदलली आणि भटशाही-सावकारीला भर चावडीत सवाल टाकले. पुढे १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. त्याही आधी पेशवाईच्या उतरत्या काळात सगनभाऊ होऊन गेले. ते जेजुरीचे शिकलगार, जन्माने मुसलमान, आणि त्यांच्या लावण्या-पोवाड्यांवाचून मराठी शाहिरीचा इतिहास लिहिता येत नाही. संगीत नाटकाचे म्हणाल तर किर्लोस्करांच्या १८८०च्या 'शाकुंतला'पासून त्याची कहाणी सांगतात. पण 'स्वयंवरा'ला चाली देणारे भास्करबुवा बखले नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांचे शागीर्द होते, आणि रंगभूमी गाजवणाऱ्या हिराबाई बडोदेकर अब्दुल करीम खाँ यांच्या कन्या होत्या.

आणि अमर शेख. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक उभे करणारे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हजारोंच्या सभा आवाजाने बांधून ठेवणारे. आपण त्यांची जयंती करतो, फोटोला हार घालतो आणि म्हणतो, पाहा, मराठीत आमचे योगदान केवढे! १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण हेच योगदान मोजत आलो आहोत. मोजायला हवे होते, ते चूक नव्हते. पण मोजणी किती दिवस करायची? ज्याचे आजोबा पैलवान होते त्याने कधीतरी स्वतः लांग कसावी की नाही? अमर शेखांच्या कलापथकाने त्या काळच्या भुकेवर वग उभे केले. आजच्या उन्हावर वग कोणी लिहायचा?

बाहेरच्या जगात हे सुरू झाले आहे. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २००१ साली 'युरिनटाऊन' नावाचे संगीत नाटक आले. नाव ऐकून हसू येते. त्यात वीस वर्षे दुष्काळ आहे, घरातले संडास बंद झाले आहेत आणि लघवीला जायचे तरी एका कंपनीला पैसे मोजावे लागतात. गरिबांचे बंड होते, मालक जातो, सर्वांना फुकट वापर मिळतो आणि थोड्याच दिवसांत पाणीच संपते. मालक वाईट होता हे खरे, आणि बंडवाल्यांकडे पाण्याचा हिशेब नव्हता हेही खरे. टाळ्या घेऊन घरी जायची सोय ते नाटक ठेवत नाही. २०१९ साली टोनी पारितोषिक मिळवणाऱ्या 'हेड्सटाऊन'मध्ये ऋतू बिघडलेले आहेत, कारण जमिनीखालच्या कारखान्याचा मालक आपल्या बायकोला वेळेवर वर जाऊ देत नाही. त्याच वर्षी व्हेनिसला लिथुआनियाच्या तीन बायांनी केलेल्या 'सन अँड सी' या ऑपेराला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. खाली खोटा समुद्रकिनारा, त्यावर सुट्टीवर आलेली माणसे निजलेली, आणि ती निजल्या निजल्या गातात, क्रीमविषयी, विमानाविषयी, कंटाळ्याविषयी. प्रेक्षक वरच्या सज्जातून पाहतात. जग संपत आले आहे आणि कोणी उठून बसत नाही.

हे वाचले तेव्हा आम्हाला लोणावळा आठवले. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर काय वेगळे दिसते? भजी, कणसे, मोठ्याने लावलेली गाणी, आणि घाटात गाड्यांची मैलभर रांग. ३० जून २०२४ला त्याच परिसरातल्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. पाणी अचानक चढले. पुढच्या आठवड्यात भजी पुन्हा सुरू. व्हेनिसला त्यासाठी वाळू विकत आणावी लागली. आमच्याकडे रंगमंच तयार आहे, पात्रे तयार आहेत, फक्त लिहिणारा नाही.

'युरिनटाऊन'चे कथानकही मावळाला परके नाही. ९ ऑगस्ट २०११ला पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले, त्यात एक बाई होती. धरण कोणाच्या शिवारात, नळ कोणाच्या घरात, गोळी कोणाच्या छातीत? हा वग नाही तर काय आहे? आणि शहरातला तहानलेला कामगारही माणूसच आहे, त्यालाही सवाल टाकू द्या. मग खरा वग रंगेल.

मराठीत काहीच झाले नाही असे आम्ही म्हणत नाही. २०१६ ते २०१९ या काळात पानी फाउंडेशनच्या वॉटर कपने गावेच्या गावे कुदळ-फावडे घेऊन बाहेर काढली आणि त्यांचे गाणे अजय-अतुल यांच्या चालीवर लहानथोरांच्या तोंडी बसले. गाण्यात माणूस उठवण्याची ताकद अजून आहे, हे त्याने सिद्ध केले. ते श्रेय द्यायलाच हवे. पण त्या गाण्याने गावाकडे घाम मागितला. घाम गावाने दिला. आता गावाने काही मागायचे, विचारायचे गाणे कोठे आहे? घामाच्या गाण्याला प्रायोजक मिळतात. सवालाच्या गाण्याला बाके मिळत नाहीत, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आता घरच्या आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप: गाणे-बजावणे आपल्यात जायज नाही. यावर उलेमांत मतभेद आहेत आणि त्या वादात पडण्याचा आमचा अधिकार नाही. पण ईद आणि निकाहच्या प्रसंगी डफ वाजल्याच्या रिवायती आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. ज्यांना पेटी-ढोलकी नको त्यांनी नुसता डफ घ्यावा, नुसता गळा घ्यावा. नाटक तेवढ्यावरही उभे राहते. आमच्या मुलींनी ते उभे केले होते. आणि दीनचे म्हणाल तर वाहत्या नदीकाठी बसूनही वजूला पाणी जपून वापरण्याची शिकवण आपली आहे, लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो सदका मानणे हे आपले आहे, आणि सूरह रहमानमध्ये मीजानचा, तोलाचा, उल्लेख आपण लहानपणापासून पाठ म्हणतो. तोल कोणी बिघडवला हे विचारणे मात्र राजकारण!

पाऊस लांबला की मुसलमान मैदानात जमून नमाज-ए-इस्तिस्का अदा करतात. त्याच गावातली कुणबी-धनगरांची पोरे अंगाला लिंबाचा पाला बांधून धोंडी मागत दारोदार फिरतात. आकाशाकडे हात दोघांचेही असतात. अल्लाहकडे दुआ मागायची ती मागूच. पण जी गोष्ट माणसाने बिघडवली तिचा जाब माणसाकडेही मागायला नको का?

दुसरा आक्षेप: आपल्या समाजापुढे प्रश्न थोडे आहेत का? घर भाड्याने मिळत नाही, नोकरी मिळत नाही, रोज एक नवा संशय अंगावर येतो. त्यात हे हवामान कुठे घुसवता? आम्ही म्हणतो, याच घरांत ते घुसले आहे. ज्याला चांगल्या वस्तीत घर मिळत नाही तोच ओढ्याकाठी, पत्र्याखाली राहतो. ज्याला कायम नोकरी नाही तोच भर दुपारी हातगाडी ढकलतो. पुराचे पाणी आणि मे महिन्याचे ऊन नाव विचारून येत नाही हे खरे, पण पत्ता विचारून येते. आणि आपला पत्ता त्याला पाठ आहे. शेजारच्या आदिवासी पाड्याचाही पाठ आहे, बौद्ध वस्तीचाही आहे. नुसत्या एकोप्याच्या भाषणांनी जे जमले नाही ते एका फडावर जमू शकेल, कारण इथे कोणाला कोणावर उपकार करायचे नाहीत. सवाल सर्वांचा एकच आहे.

तिसरा आक्षेप शिक्षकबंधूंचा: मुलांच्या तोंडी राजकारण नको. मग लाकूडतोड्याला गुन्हेगार ठरवणे हे काय आहे? तेही राजकारणच आहे, फक्त ते बलवानाच्या सोयीचे असल्याने आपल्याला संस्कार वाटते. मुलांना खोटे पाठ करून घ्यायला लावणे, हे कोणत्या शिक्षणशास्त्रात बसते?

तेव्हा आमची सूचना साधी आहे. सभागृह नको, तिकीट नको, पाहुणे नकोत. गणाच्या जागी हम्द असू द्या, किंवा ज्या गावात जे रुचेल ते. बतावणीत भुशीचे प्रवासी येऊ द्या, लोक पोट धरून हसतील, आपल्यालाच हसतील. मग वग. त्यात भाताचे रोप असेल, गुलाब असेल, धरण असेल, टँकरवाला असेल, पाषाणचा शास्त्रज्ञही असेल, आणि तो आकडे गाऊन सांगेल. भाषा मावळी मराठी असेल आणि मोहल्ल्याची दखनी असेल. गावात माणसे दोन्ही बोलतात, नाटकाने का बोलू नये? लिहिणारे आपल्यात आहेत. या पानांवर दरवर्षी कविता पाठवणाऱ्यांपैकी दहा जणांनी आपापल्या तालुक्याचा एकेक वग लिहिला तरी पुढचा पावसाळा येण्याआधी दहा फड उभे राहतील.

ती सातवीची मुलगी आता नववीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती अम्मीबरोबर पॉलीहाऊसला जाते. मागच्या महिन्यात ती बसथांब्यावर भेटली. आम्ही विचारले, "वो सवाल-जवाब याद है?" ती म्हणाली, "याद है आपा. डफ भी मेरेच पास है." या वर्षी आम्ही शाळेच्या पटांगणावर नाही, गावाच्या चौकात ते करायचे ठरवले आहे. पुठ्ठा आणणार नाही. शेवटच्या सवालाला जवाब अजून आमच्याकडे नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी यावे, पुढे बसावे. बाके नाहीत. सतरंजी आहे.